वॉर्डबॉय झालो आणि खूश आहे, चुकतंय का?

*ताई, वय ५२. कंपनी बंद पडली तेव्हा मी अकाउंट्सचा प्रमुख होतो. दीड वर्ष घरी बसलो, घर बायकोच्या पगारावर चाललं. गेले काही महिने एका हॉस्पिटलात पेशंटना तपासणीला नेतो-आणतो. पगार पूर्वीच्या पाव हिश्श्याइतका, पण रात्री झोप लागते, चिडचिड गेली. नातेवाइकांना 'ॲडमिनला आहे' असं सांगतो. आता जुना सहकारी पूर्वीसारखीच नोकरी देतोय. बायको म्हणते, घ्या. मला नकोय. मी हार मानली का?*

दादा, 'कोणतंही काम हलकं नसतं' हे मी तुम्हाला ऐकवणार नाही. ते म्हणणारे बहुतेक जण आपल्या मुलाला त्या कामाला पाठवत नाहीत.

पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही लिहिलंय, की लिफ्टमध्ये शिरताना व्हीलचेअर उलटी ओढत नेता, म्हणजे पेशंटचं तोंड भिंतीकडे न राहता दाराकडे राहतं. आणि स्ट्रेचरला धक्का बसणार असेल तर आधी सांगता, कारण आडव्या माणसाला छताशिवाय काही दिसत नाही. हार मानलेल्या माणसाचं एवढं लक्ष नसतं हो. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी अमेरिकेत हॉस्पिटलच्या सफाई कर्मचाऱ्यांबद्दल हेच लिहिलं होतं, २००१ साली. हुद्दा एकच, पण काही जण नेमून दिलेली साफसफाई करून मोकळे होत, तर काही जण पेशंट बरा होण्यात आपलाही हात आहे असं धरून वागत आणि न सांगितलेलीही कामं करत. तुम्ही दुसऱ्या गटातले दिसता.

तरी एक शंका आहेच. १९३०च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची कापडगिरणी बंद पडली. संशोधक मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे दिसलं, की वेळच वेळ असूनही लोक वाचनालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तकं नेत होते. रिकामपण माणसाला असं आतून मोडतं. त्यातून सुटल्यावर कुठलंही काम गोड लागेल. तेव्हा स्वतःला विचारा: दोन्हीकडे पगार सारखाच असता, तर कुठे गेला असता? उत्तर चटकन 'हॉस्पिटल' आलं, तर ते नुसतं सुटकेचं समाधान नाही.

आता बायको. त्या प्रतिष्ठेसाठी बोलतात असं तुम्ही धरून चालला असाल. मला तिथे थकवा दिसतो. दीड वर्ष एकटीने घर ओढलेल्या बाईला 'मी खूश आहे' हे उत्तर पुरत नाही. हिशेबातले आहात ना? मग कागद घेऊन दोघं बसा: हप्ते, मुलांची शिक्षणं, औषधपाणी, म्हातारपण. आकडा जुळत नसेल तर ठरावीक काळापुरती ती नोकरी घ्या, किंवा ड्युटी सांभाळून कुणाची हिशेबाची कामं धरा. या कामाने पाठ आणि गुडघे किती वर्षं साथ देतील, तेही त्याच कागदावर मांडा.

'ॲडमिन'चं तेवढं बंद करा. कुणीतरी नातेवाईक पेशंट म्हणून तिथे येणारच, आणि त्याचं स्ट्रेचर तुमच्याच हातात असेल! त्याआधी स्वतःच सांगून टाका, एका वाक्यात, पुढे खुलासा न करता. चार दिवस चर्चा होईल, मग त्यांना दुसरा विषय मिळेल.

सहकाऱ्याला मात्र लटकवू नका. कागद झाला की त्याच आठवड्यात फोन करा. नाही म्हणायचं असेल तर 'नाही' म्हणा. 'बघू' म्हणालात तर तो बिचारा जागा अडवून बसेल.