नवा सिनेमा महिन्या-दोन महिन्यांत घरीच दिसतो, मग थिएटरं टिकणार का?

तुमचा प्रश्न असा की, चार ते आठ आठवड्यांत सिनेमा मोबाइलवर येत असेल तर थिएटरात कोण जाईल, आणि आमच्यासारख्या शहरांत याचा काय परिणाम दिसतो. मी इंदूरचा. इथल्या मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाचा शो लागावा म्हणून आम्ही काही मंडळी अधूनमधून खटपट करतो, त्यामुळे या धंद्याचा हिशेब थोडाफार कानावर पडतो.

मला वाटतं थिएटरं टिकतील. हळूहळू गर्दी जमवणाऱ्या सिनेमाचं मात्र कठीण आहे.

ते का, ते आकड्यांतून कळतं. 2009 मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं तिकिटाच्या कमाईच्या वाटणीवरून भांडण जुंपलं आणि जवळपास दोन महिने नवे मोठे सिनेमे मल्टिप्लेक्सला लागलेच नाहीत. शेवटी जी तडजोड झाली तिच्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 टक्के असा ठरला. म्हणजे सिनेमा जितका जुना होईल तितका थिएटरवाल्याचा वाटा मोठा. चौथ्या आठवड्यापासून कर वजा जाता शंभरातले सत्तर रुपये त्याचे, आणि नेमका तेव्हाच सिनेमा घरी आला तर त्याच्या हाती काय उरलं? सिनेमा घरी यायच्या आधी आठ आठवडे जावेत म्हणून थिएटरवाले अडून बसतात ते यासाठी. करोनाच्या काळात ही मुदत चारवर आली होती; ऑगस्ट 2022 पासून हिंदीसाठी पुन्हा आठ झाली. तमिळ निर्माते बऱ्याचदा चारच देतात, म्हणून 2023 मध्ये 'लिओ'ची हिंदी आवृत्ती मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी लावलीच नाही.

निर्मात्याचीही बाजू आहे. त्याचा जाहिरातीचा खर्च एकदाच होतो आणि ती हवा असेपर्यंतच ओटीटीवाल्याला सिनेमा हवा असतो. लवकर दिला तर भाव चांगला मिळतो. व्याजानं पैसे उचलून सिनेमा काढणाऱ्याला आठ आठवडे थांबा म्हणणं आपल्याला सोपं आहे.

2025 च्या मे महिन्यात 'भूल चूक माफ'चं काय झालं ते आठवत असेल. रिलीज एका दिवसावर असताना निर्मात्यांनी थिएटर रद्द करून थेट ओटीटीची घोषणा केली. पीव्हीआर आयनॉक्स ही मल्टिप्लेक्स साखळी मुंबई उच्च न्यायालयात गेली, ओटीटीवर आणायला स्थगिती मिळाली. मग समेट होऊन सिनेमा 23 मे रोजी थिएटरात आणि 6 जूनला ओटीटीवर आला. अवघे दोन आठवडे, आणि ही तारीख सगळ्यांना आधीच ठाऊक. तरी लोक गेले, सिनेमा बऱ्यापैकी चालला. पहिल्या शनिवार-रविवारी जाणारा प्रेक्षक ओटीटीची तारीख बघत बसत नाही, हे मला त्यातून दिसतं.

उलट उदाहरण 'बारावी फेल'चं. आमच्या मुरैना-ग्वाल्हेरकडची गोष्ट. 27 ऑक्टोबर 2023 ला लागला तेव्हा पहिल्या दिवसाची कमाई कोटीभराच्या आसपास होती. मग एकानं दुसऱ्याला सांगितलं, आईबापांनी मुलांना नेलं आणि सिनेमा आठवड्यामागून आठवडे चालत राहिला. 29 डिसेंबरला तो ओटीटीवर आला, तेव्हाही काही पडद्यांवर होताच. ही नऊ आठवड्यांची सवड नसती, तर अर्धेअधिक लोक 'बघू घरीच' म्हणाले असते.

आता इंदूर. इथल्या एकपडदा टॉकीजचं श्राद्ध ओटीटीच्या नावानं घालू नका. ऐंशीच्या दशकात गल्लीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्यानं आणायचे आणि लागोपाठ तीन सिनेमे बघायचे. तेव्हापासून त्यांचा खेळ कमी होत गेला. मग केबल आली, चोरीच्या सीडी आल्या, जागांचे भाव वाढले.

मराठी सिनेमाची गोष्ट वेगळी आहे. इथं तो लागलाच तर एखाद्या पडद्यावर, दिवसाला एक शो, तोही भलत्याच वेळी. पहिल्या तीन-चार दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर शुक्रवारी शो गायब. चार की आठ आठवडे हा वाद आमच्यापर्यंत पोहोचतच नाही, आम्हाला आठवडासुद्धा मिळत नाही. माझी आत्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, तिच्याकडे तर तेवढंही नाही. तिच्यासाठी ओटीटी लवकर येणं हे वरदानच, मी तिला कुठल्या तोंडानं थिएटरचं महत्त्व सांगू?

पण शोसाठी माणसं जमवायला फोन करावेत तर उत्तर ठरलेलं: "अहो, येईलच की महिन्याभरात!" याची मला खरी चीड येते, कारण बरेच मराठी सिनेमे येतच नाहीत. ओटीटीवाले मोजकेच मराठी सिनेमे घेतात, थिएटरात न चाललेल्याला तर सहसा विचारतही नाहीत. म्हणजे आपण घरी बसायचं, म्हणून तो थिएटरात पडणार, आणि थिएटरात पडला म्हणून घरीही दिसणार नाही. हीच मंडळी 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना मात्र वर्षाची वर्गणी भरून, वेळेच्या आधी येऊन बसतात. नाटक घरी येणार नाही हे पक्कं ठाऊक असतं ना!

त्यामुळे सरसकट आठ आठवड्यांचा नियम मला पटत नाही. मोठ्या नटाचा सिनेमा तीन आठवड्यांत कमवायचं ते कमावून जातो, तो लवकर आला तरी थिएटरचं फार बिघडत नाही. छोट्या सिनेमाला मात्र पडदा आणि सवड दोन्ही लागतात.

तुम्ही इंदूरचे असाल आणि मराठी सिनेमा बघायचा असेल, तर बुधवार-गुरुवारपासून बुकिंग अ‍ॅपवर लक्ष ठेवा आणि पहिल्याच शनिवारचं तिकीट काढा. पंचवीस-तीस जण जमत असतील तर मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला जाऊन भेटा, पुढच्या आठवड्यातही शो ठेवायला कधीकधी तयार होतात.