वाचकांचे प्रश्न : बचांग, मलायातला रानआंबा

प्रश्न : मलेशियातल्या एका बागेत आंब्याच्या झाडांमध्ये एक बचांगचं झाड दाखवलं. पानं पाहून फरक कळेना. खात्रीने ओळखायचं कसं?

उत्तर : बचांग (मँजिफेरा फेटिडा) आंब्याच्याच प्रजातीतला, जाती मात्र वेगळी. मलाय द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओच्या सखल जंगलांत तो तीस मीटरपर्यंत वाढतो.

झाड मोहोरलेलं असेल तर पानांकडे बघूच नका. आंब्याचा मोहोर पिवळसर आणि वासाचा. बचांगच्या मोहोराचा दांडा गडद लाल, फुलं फिकट गुलाबी आणि जवळजवळ बिनवासाची. एक फूल भिंगाखाली धरा. आंब्याच्या फुलात बीजांडकोशाखाली रुंद, मांसल चकती दिसते. बचांगमध्ये ती आकसून देठासारखी अरुंद झालेली असते. पुंकेसर मोजत बसू नका, दोन्हींत परागकण देणारा बहुधा एकच असतो.

मोहोर नसेल तर पान वाकवून पाहा. बचांगचं पान जाड, ताठ आणि 9 ते 15 सेंमी रुंद असतं; आंब्याचं बरंच अरुंद. फळ गोलसर, मळकट हिरवं, तपकिरी ठिपक्यांचं. पिकल्यावरही रंग फारसा बदलत नाही, म्हणून पिकलं की नाही ते वासावरूनच ठरवावं. गर पिवळा-नारिंगी, रेषाळ, टर्पेंटाइनसारख्या उग्र वासाचा. कोय चपटी नसते, चांगली फुगीर असते.

एक सावधगिरी : कुइनी (मँजिफेरा ओडोराटा) हा बचांग आणि आंबा यांचा संकर आहे. त्यात लक्षणं मधलीच मिळतात, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नये.

प्रश्न : कच्चं बचांग चिरल्यावर दोन दिवसांनी बोटांवर फोड आले. फळ विषारी असतं का?

उत्तर : फळ नव्हे, चीक. बचांग बिब्ब्याच्याच कुळातला. सालीजवळचा चीक त्वचेला ॲलर्जी आणतो आणि ती उशिरा दिसते, म्हणून दोष भलत्याच गोष्टीला जातो. हातमोजे घाला. साल सुमारे 5 मिमी जाड असते. ती पातळ सोलली तर चीक गरावर राहतो, तेव्हा जाडच काढा. फोडी मिठाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवा, मग धुवा. चीक तेलकट असतो, नुसत्या पाण्याने हात साफ होत नाहीत. लगेच साबण लावा. एकदा फोड आलेल्या माणसाने कच्च्या फळाला पुन्हा हात न लावलेलाच बरा.

प्रश्न : कोय वाळवून ठेवली, रुजली नाही. का?

उत्तर : वाळवली म्हणूनच. आंब्याच्या या गोतावळ्यातलं बी सुकलं की मरतं. गर काढून कोय त्याच आठवड्यात लावा. कवचाची कड कात्रीने उघडा, आतल्या बीला धक्का लागू देऊ नका. बाकदार बाजू वर ठेवून जेमतेम मातीआड करा. उलटी पडली तर मूळ आणि कोंब दोन्ही वळसा घेतात आणि रोप बुंध्याशी वाकडं होतं. सोटमूळ लवकर खाली जातं, पिशवी खोल घ्या.