मेट म्हणजे पाडा नव्हे

प्रश्न असा आहे : जुन्या एक इंची नकाशात त्र्यंबकच्या डोंगरांत रोमन अक्षरांत लिहिलेला शब्द 'मेत' वाचायचा की 'मेट'? आणि तो पाड्यालाच दुसरा शब्द आहे का?

उच्चार मेट, टोपीतला ट. रोमन लिपीत त आणि ट, ल आणि ळ, द आणि ड यांना एकेकच अक्षर, म्हणून नकाशावरचे नाव थेट मराठीत उतरवू नये, सातबाऱ्यावरच्या गावनावाशी ताडून घ्यावे. ब्रह्मगिरीवर 'मेटघर किल्ला' हे गावच आहे, त्यामुळे इथे शंकेला जागा नाही.

मेट म्हणजे गडाच्या चढणीवरची पहाऱ्याची चौकी. तिथला पहारेकरी तो मेटकरी. हे लोक बायकामुलांसह तिथेच राहत. गड ओस पडले, पहारा उठला, पण घरे राहिली आणि नावही राहिले. पाडा हा शब्द नुसती वस्ती सांगतो. मेट त्या जागेचे जुने काम सांगते. म्हणून पाडे पेठ-सुरगाण्यात जागोजाग, मेट मात्र गडाच्याच अंगाला. तोरणा गडाकडेही 'मेट पिलावरे' आहे.

लिंगाचे म्हणाल तर पुस्तकी मराठीत ते मेट, ती मेटे. ब्रह्मगिरीवर मात्र 'सुपलीची मेट'. स्थानिक नाव लिहिताना स्थानिक लिंगच ठेवावे. (रोजगार हमीच्या कामावरचा 'मेट' इंग्रजीतून आलेला, त्याचा इथे संबंध नाही.)

अर्थ नकाशावरच पडताळता येतो. त्र्यंबकचा भाग ४७ ई/९ या क्रमांकाच्या नकाशापत्रकात येतो. एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. समोच्च, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, रेषांमधले उभे अंतर तळटीपेत छापलेले असते, ते आधी पाहा. ते ५० फूट असेल तर ४५ अंशांच्या चढावर दोन रेषांत कागदावर पाव मिलिमीटरही उरत नाही, सगळा तपकिरी पट्टाच दिसतो. दहा अंशांच्या उतारावर कागदावरचे तेच अंतर सव्वा मिलिमीटरच्या वर जाते. मेट शोधायचे ते या दाट पट्ट्यांच्या मधल्या सैल जागेत, जिथून तुटक रेषेची पाऊलवाट गडाकडे चढते. उंची फुटांत असते. नव्या १:५०,००० नकाशाशी जुळवताना मीटर काढायला ०.३०४८ ने गुणा, नाहीतर मेट भलत्याच कड्यावर जाऊन बसते.