वाचकांचे प्रश्न : दुपारी तापलेली ईको आणि आईचा प्रवास

प्रश्न : काका, आमची २०१६ ची ईको आहे, सीएनजीची, बिनाएसी. आईचं डायलिसिस सुरू झाल्यापासून आठवड्यातून तीनदा तिला सांगलीला न्यावं लागतं. सकाळी जाताना काही वाटत नाही, पण परतताना दुपारचे दोन वाजतात. गाडी नुसती भट्टी झालेली असते. आवाजही एवढा की आई मागून काही बोलली तर मला ऐकू येत नाही. एका दुकानदाराने पूर्ण गाडीला चंदेरी डॅम्पिंग शीट लावायला सांगितलंय. म्हणतो, गरमी आणि आवाज दोन्ही जाईल. लावून घेऊ का?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : पैसे देण्याआधी थोडं थांबा. माझ्या थोरल्या भावाचं डायलिसिस चार वर्षं चाललं, त्यामुळे तुमची दुपार मला माहीत आहे. आपल्याला उकडलं की आपण तांब्याभर पाणी पितो. डायलिसिसवरच्या माणसाच्या अंगात पाणी साठतं, म्हणून त्याला घोट मोजून घ्यावे लागतात. तापलेल्या गाडीत पाऊण तास बसलं की घसा सुकतो, घरी आल्यावर तहान आवरत नाही आणि पुढच्या खेपेला वजनकाट्यावर ते दिसतं. म्हणून तुमच्या गाडीत उष्णतेचं काम आधी, आवाजाचं नंतर.

दुकानदार सांगतो त्यातलं अर्धं खरं आहे. चंदेरी शीट म्हणजे ब्युटाइल रबराचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा कागद. तिचं काम एकच, पत्र्याची थरथर मारणं. ती पत्र्याला घट्ट चिकटते, म्हणून उष्णता तिच्यातून सरळ आत येते. चकाकी उष्णता परतवते हे खरं, पण त्यासाठी चकाकीच्या समोर हवेची फट मोकळी लागते. वर अस्तर दाबून बसवलं की तिचा उपयोग संपला.

आणि थरथर मारायलाही पूर्ण गाडी मढवावी लागत नाही. दाराचं पॅड काढा आणि उघड्या पत्र्याच्या मधोमध बोटाच्या पेराने टकटक करा. ठण्ण वाजेल. तिथे वहीच्या पानाएवढा शीटचा तुकडा ठेवा, लाकडी रोलरने दाबून बसवा आणि पुन्हा टकटक करा. ठप्प असा मेलेला आवाज आला की त्या पत्र्याचं काम झालं. मोकळ्या पत्र्याचा साधारण पाव भाग झाकला तरी पुरतं. २ मिलिमीटरच्या चांगल्या शीटचं वजन चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास असतं, म्हणजे सगळीकडे लावून तुम्ही पैसेही घालवणार आणि गाडीवर फुकटचं ओझंही चढवणार. डांबराची स्वस्त शीट मात्र छताला लावू नका. एप्रिलच्या उन्हात ती मऊ पडते, वास मारते आणि सुटून अस्तरावर येते.

उष्णतेसाठी छत धरा. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या वर जातो आणि तो आईच्या डोक्यापासून हातभरावर असतो. अस्तर उतरवून पत्र्याला नायट्राइल रबराची १० मिलिमीटरची शीट लावा. एसीच्या डक्टवर आणि थंड पाण्याच्या पाइपांवर काळी, स्पंजासारखी शीट गुंडाळलेली असते, तीच. तिची छिद्रं बंद असतात, त्यामुळे पाणी धरत नाही. आग न धरणारी ग्रेड मागून घ्या. छताच्या आडव्या पट्ट्यांवरही तिचे तुकडे आले पाहिजेत, कारण उघडी राहिलेली प्रत्येक पट्टी उष्णतेला आत यायची वाट देते. अस्तर बसेल एवढीच जाडी ठेवा, दाबून कोंबू नका.

दुसरी आग खालून येते. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिथल्या झाकणाची रबर बीडिंग वर्षानुवर्षं दबून चपटी होते आणि त्या फटीतून गरम वाफ, आवाज, कधी धूरही आत येतो. रात्री अंधारात चालू टॉर्च झाकणाखाली ठेवा आणि आत बसून बघा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे बीडिंग गेली आहे. ती बदलल्यावर माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांत गिऱ्हाईक तिथेच म्हणालं, "आता बोलणं ऐकू येतंय." झाकणाच्या आतल्या बाजूला मूळचं अस्तर फाटलं असेल तर उष्णता सोसणारं, फॉइल लावलेलं फायबरचंच घ्या. साधा फोम तिथे कधीच नको, तो पेट घेतो.

दारांनाही असंच तपासा. बीडिंगवर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून आवाजही निसटतो. सरकत्या दाराचे रोलर झिजले असतील तर ते खडखडतं, आणि त्यावर कुठलीच शीट उपाय नाही. रोलरच बदलावे लागतात.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात, ती बुजवू देऊ नका. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. भोसरीत मी २६ वर्षं अँब्युलन्स आणि स्कूल व्हॅनच्या आतलं काम केलं. २००७ साली एका अँब्युलन्सच्या दारांत शीट लावताना पोरांनी ती भोकं झाकली आणि मी तपासलं नाही. दोन पावसाळ्यांनी गाडी परत आली तेव्हा दाराचा तळ बोटाने दाबला तरी चुरत होता. दारं मी पदरचे पैसे घालून नवी करून दिली. तेव्हापासून पॅड बसवण्याआधी प्रत्येक दारात मी स्वतः मगभर पाणी ओतून बघतो. तुम्हीही कारागिरासमोर उभं राहून बघा.

सीएनजी आहे म्हणून आणखी थोडं. काम सुरू होण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. टाकीजवळची हवा बाहेर नेणारी नळी कशाखालीही दबता कामा नये. पत्रा पुसायचं थिनर आणि गोंद यांची वाफ उडून जाईपर्यंत सगळी दारं सताड उघडी ठेवा आणि तोवर हीट गन चालू करू देऊ नका.

आता काच. ऊन काचेतून आत आलं की आतलं सगळं तापतं, आणि छताला अस्तर चांगलं असेल तर ती उष्णता आतच कोंडून राहते. हॉस्पिटलच्या आवारात चार तास गाडी उभी करताना पुढच्या काचेवर बाहेरून जाड पांढरी चादर टाका आणि तिची टोकं दोन्ही दारांत अडकवा. पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. आईला बाहेर आणण्याआधी पाच मिनिटं तुम्ही पुढे या, दोन्ही बाजूची दारं आणि मागचं दार उघडा, मग तिला बसवा. याला एक पैसा लागत नाही.

हातात पैसे कमी असतील तर या महिन्यात चादर, बीडिंग आणि छत एवढंच करा. दारांचे आणि मागच्या चाकांवरचे शीटचे तुकडे दिवाळीनंतर केले तरी चालेल. आणि काम झाल्यावर कोणाला तरी गाडी चालवायला द्या आणि तुम्ही आईच्या जागेवर बसून सांगलीपर्यंत जा. डायलिसिसनंतर अनेकांना एकदम थंडी वाजते, म्हणून सीटवर एक शाल असू द्या. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात तो, खिडकीच्या कडेला घासत असेल तर त्या कडेला मऊ फोम आणि रेक्झिन लावून घ्या. ते तुमचा कुशनवाला अर्ध्या तासात करेल.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. जुनी ट्रॅव्हलर घेऊन आतून थर्माकोल आणि वर प्लाय मारला. डिसेंबरात महाबळेश्वरला गाडीत झोपलो तर पहाटे छतातून थेंब पडले. चालताना चिर्र चिर्र आवाजही येतो. छत गळतंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाऊस नव्हता, म्हणजे छत गळत नाही. ते तुमच्याच श्वासातलं पाणी आहे. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात कपभराहून जास्त पाणी हवेत जातं. ती ओली, उबदार हवा प्लायच्या फटींतून मागे शिरते आणि गार पत्र्याला लागून तिचे थेंब होतात. चिर्र आवाज थर्माकोल पत्र्याला आणि प्लायला घासल्याचा. शिवाय रबराचा गोंद लावला असेल तर त्यातल्या द्रावणाने थर्माकोल खाल्ला गेला असणार. प्लाय काढलात की मध्ये पोकळ खड्डे दिसतील.

थर्माकोल काढून टाका. पत्र्यावर गंज धरला असेल तर घासून रेड ऑक्साईड मारा, आणि वरच्या उत्तरातली नायट्राइल शीट मध्ये पोकळी न ठेवता पूर्ण चिकटवा. सांधे टेपने बंद करा, म्हणजे ओली हवा पत्र्यापर्यंत पोचणारच नाही. झोपताना एक खिडकी दोन बोटं उघडी आणि छताची खिडकी किंचित वर ठेवा. थंडी थोडी जास्त वाजेल, पांघरूण वाढवा.

ऊब यावी म्हणून आत शेगडी किंवा गॅस पेटता ठेवून मात्र झोपू नका. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. चहासुद्धा दार उघडं ठेवूनच करा.