बांगडा, आमसूल आणि शेंगदाण्याचे कूट : हिस्टामाइनविषयी प्रश्नोत्तरे

अंगावर उठणारे पित्त आणि अन्नाची ॲलर्जी यांविषयी वाचकांची अनेक पत्रे आली आहेत. त्यांतील पाच पत्रांमागे हिस्टामाइन हा शरीरात तयार होणारा आणि काही अन्नांतही आढळणारा एकच पदार्थ असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : रविवारी बाजारातून बांगडे आणून दुपारी तळले. जेवण उरकते न उरकते तोच माझा, पतीचा आणि दिरांचा चेहरा लालभडक झाला, डोके ठणकू लागले, छाती धडधडू लागली. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांना काहीच झाले नाही. तिघांनाही माशाची ॲलर्जी आहे का? (हडपसर)

उत्तर : एका घरातील तिघांना एकाच जेवणात ॲलर्जी सुरू होणे जवळजवळ अशक्य आहे, आणि तुमच्या पत्रातील हाच तपशील सर्वांत मोलाचा आहे. ही हिस्टामाइनची विषबाधा असण्याचा संभव फार मोठा आहे. बांगडा, तारली, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल मुबलक असते. मासा पकडल्यानंतर वेळेवर बर्फात गेला नाही, तर त्यावरचे जिवाणू या हिस्टिडीनचे हिस्टामाइन करून टाकतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार अशा माशांत ते किलोमागे २०० मिलीग्रॅमपेक्षा अधिक असू नये. एकदा तयार झालेले हिस्टामाइन तळल्याने, उकळल्याने किंवा गोठवल्याने नाहीसे होत नाही, आणि माशाला वास येईलच असेही नाही; काहींना घास जिभेला मिऱ्यासारखा चरचरतो, एवढीच काय ती खूण.

पुण्यात समुद्राची मासळी घाट चढून येते, त्यामुळे तिचा बर्फ वाटेत कुठेही तुटता कामा नये. मासा विकत घेताना तो बर्फावर नुसता मांडलेला आहे की बर्फात पुरलेला आहे, हे पाहावे. घरी येताच तो साफ करून थेट शीतकपाटात ठेवावा. मसाला लावून ओट्यावर तासन्‌तास मुरू देऊ नये. हा त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो आणि हिस्टामाइनविरोधी गोळीने लवकर आटोक्यात येतो. मात्र श्वास लागला किंवा भोवळ आली, तर रुग्णालय गाठावे. तुमच्या कागदपत्रांवर ‘माशाची ॲलर्जी’ असा शिक्का कायमचा बसण्यापूर्वी ॲलर्जीतज्ज्ञांकडून खात्री करून घ्या.

प्रश्न : वडिलांना क्षयरोगाच्या गोळ्या सुरू आहेत. त्यांनाच माशाने असा त्रास झाला, आम्हाला नाही. (पिंपरी)

उत्तर : त्यांच्या गोळ्यांत बहुधा आयसोनियाझिड असेल. आपल्या आतड्याच्या अस्तरात डायअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे डीएओ नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते अन्नातील हिस्टामाइन रक्तात पोहोचण्याआधीच निकामी करते. आयसोनियाझिड या विकराला दुबळे करते. उपचार संपेपर्यंत वर सांगितलेले मासे आणि मुरवलेले चीज टाळावे, डॉक्टरांना हा प्रसंग सांगावा. पण गोळी स्वतःहून एक दिवससुद्धा बंद करू नये.

प्रश्न : अंगावर पित्त उठले की आई आमसुलाचे पाणी लावते आणि आम्लपित्ताची गोळी देते. हे बरोबर आहे का? (सदाशिव पेठ)

उत्तर : मराठीत दोहोंनाही ‘पित्त’ म्हणतात, आणि योगायोग असा की दोन्हींत हिस्टामाइनचा हात आहे, फक्त त्याची दारे वेगळी आहेत. त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांवर ते मुख्यतः एच-१ या ग्राहीद्वारे (पेशीवरील ज्या जागी ते चिकटते तिच्याद्वारे) काम करते आणि गांध्या उठतात. जठरात एच-२ ग्राहीद्वारे आम्ल स्रवते. पहिले दार अडवणाऱ्या औषधांच्या शोधाचा वाटा डॅनियल बोव्हे यांच्या १९५७ च्या नोबेलमध्ये होता, तर दुसरे दार अडवणाऱ्या औषधाचा जेम्स ब्लॅक यांच्या १९८८ च्या नोबेलमध्ये. म्हणून गांध्यांसाठी आम्लपित्ताच्या गोळीवर विसंबू नये. आमसुलाच्या गार पाण्याने खाज तेवढ्यापुरती शमते, ते खुशाल लावावे.

सहा आठवड्यांहून अधिक काळ रोज उठणाऱ्या पित्ताचे कारण मात्र ताटात क्वचितच सापडते. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने वांगे, डाळ, दही सारे सोडले होते. त्याच्या हातावर पेनाच्या बोथट टोकाने रेघ ओढली, तर पाच मिनिटांत ती रेघ दोरीसारखी फुगून वर आली. त्याच्या त्वचेला घर्षण सोसत नव्हते. अन्नाचा काही संबंधच नव्हता.

प्रश्न : रक्तातील डीएओ कमी आल्याने मला ‘हिस्टामाइन इनटॉलरन्स’ असल्याचे सांगून चाळीस पदार्थ बंद करायला लावले आहेत. दही, टोमॅटो, पालक, इडली काहीच खात नाही. वजन सात किलोंनी घटले. (कोथरूड)

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला काळजी वाटली. काहींना हिस्टामाइनयुक्त अन्न सोसत नाही हे शक्य आहे. पण रक्तातील डीएओच्या एका आकड्यावरून तसे निदान करता येत नाही, कारण त्रास असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. अशा याद्याही ढोबळ असतात : घरी रात्री विरजलेले ताजे दही आणि महिनोन्‌महिने मुरवलेले चीज यांना एका पंक्तीत बसवणे चूक आहे. दोन ते चार आठवडे पथ्य पाळून, त्रासाची रोज नोंद ठेवून, नंतर एकेक पदार्थ परत आणून पाहणे, हा खरा मार्ग आहे. पथ्याने फरक पडला नसेल, तर ते लांबवण्यात अर्थ नाही. तुमचे वजन घटले आहे, त्यामुळे आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली खाणे वाढवा. सीलिएक (गव्हातील ग्लूटेन न सोसणे), थायरॉइड, दुधातील शर्करा न पचणे ही कारणे तपासायची राहून गेली असतील.

प्रश्न : मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दप्तरात सेटिरिझिन ठेवले तर पुरेसे आहे ना? (सिंहगड रस्ता)

उत्तर : नाही, आणि हे मला अगदी ठासून सांगायचे आहे. शेंगदाण्यातील प्रथिनांना आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडांनी ओळखले की शरीरातील मास्ट पेशी, म्हणजे हिस्टामाइन साठवणाऱ्या पेशी, क्षणात रिकाम्या होऊ लागतात. त्यांतून हिस्टामाइनबरोबर ल्युकोट्राइनसारखी इतर द्रव्येही बाहेर पडतात आणि ती श्वासनलिका आवळतात, रक्तदाब पाडतात. सेटिरिझिन ही हिस्टामाइनविरोधी गोळी फक्त हिस्टामाइनचे एक दार, एच-१, अडवते. गांध्या मावळतील, पण घसा सुजणे थांबणार नाही. तेथे मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शनच लागते, तेही पहिल्या काही मिनिटांत. मुलाच्या वजनानुसार मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या, ते कसे द्यायचे हे त्यांच्यासमोर शिकून घ्या, आणि तो कागद शाळेतील बाईंकडेही द्या.

आपल्याकडे कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, उपवासाच्या खिचडीत, चटणीत असते आणि वाढणाऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही. म्हणून ‘शेंगदाणे आहेत का’ असे न विचारता ‘कूट घातले आहे का’ असे विचारावे. आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, उलट्या होऊन मूल गळून गेले, तर इंजेक्शन देऊन लगेच १०८ ला फोन करावा. मुलाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर टेकून बसवावे, पण चालवत रिक्षापर्यंत नेऊ नये. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास थांबावे, कारण लक्षणांची दुसरी लाट नंतरही येऊ शकते.