कोकोपीटमधल्या टोमॅटोला आधी कॅल्शियम

टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतंय म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) वाढवू नका, त्यात कॅल्शियम नसतंच. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मुळातच पोटॅश आणि सोडियम असतं. ते सोडताना कोकोपीट तुम्ही घातलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि झाड उपाशी राहतं. म्हणून कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून निथळा. कंटाळा आला तरी हे टाळू नका, अर्धे त्रास इथेच संपतात! पुढे मॅग्नेशियम सल्फेटही लागेल, पण दोन्हींची घट्ट द्रावणं एकत्र करू नका. तळाशी जिप्सम बसतं. खताच्या पाण्याचा सामू (pH) ५.८ ते ६.२ ठेवा. बोअरचं पाणी जड, म्हणजे आधीच कॅल्शियम असलेलं, असेल तर कॅल्शियम जरा कमी घाला. आणि दर वेळी कुंडीखालून थोडं पाणी निघू द्या, नाहीतर क्षार साचतात.