निर्वात, निवात, निवांत

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा: मुलीच्या विज्ञान प्रकल्पाचं शीर्षक 'निर्वात पोकळीतील आकाशगंगांची उत्क्रांती' असं ठेवलंय, ते बरोबर आहे का? आणि 'उत्क्रांती' म्हणावं की 'विकास'?

'निर्वात' आधी खोडा. ठाण्यात कुठल्याही खगोलविषयक व्याख्यानाला जा, हा शब्द कानावर आदळतोच. दोन दीर्घिकांमधली, म्हणजे ताऱ्यांच्या दोन अफाट वस्त्यांमधली, कुठलीही जागा निर्वातच असते. दीर्घिकांच्या गजबजलेल्या समूहातला वायूसुद्धा प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वातापेक्षा विरळ असतो. मग या शब्दाने वेगळं काय सांगितलं? 'आकाशगंगा' हे आपल्या एकट्या दीर्घिकेचं विशेषनाम, बाकीच्या नुसत्या दीर्घिका. दीर्घिका म्हणजे मुळात लांबट तळं, आणि हे तलावांच्या शहरात सांगावं लागतं! (उत्क्रांती की विकास, तो प्रश्न पुन्हा कधीतरी.)

नुसतं 'पोकळी' म्हणा, फार तर 'महापोकळी'. 1981 मध्ये रॉबर्ट किर्शनर आणि सहकाऱ्यांना भूतप तारकासमूहाच्या दिशेला अशी एक, जवळपास दीर्घिकाच नसलेली जागा सापडली, सुमारे 33 कोटी प्रकाशवर्षे रुंद. पुढे तिच्यातही साठेक दीर्घिका मिळाल्या. म्हणजे वस्ती आहे, पण तुरळक.

आता खरी गंमत. 'निर्वात'मधला रफार काढा, 'निवात' उरतो. निवात म्हणजे जिथे वारा लागत नाही ती जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायातला न हलणारा दिवा 'निवातस्थ' आहे, निर्वातस्थ नव्हे; निर्वातात तो विझला असता. अमरकोशात निवातचे अर्थ तीन: आश्रय, वारा नसलेली जागा आणि शस्त्राने न भेदणारं चिलखत. अर्जुनाने मारलेले निवातकवच दानव आठवा.

हे तिन्ही अर्थ पोकळीतल्या दीर्घिकांना चपखल बसतात. समूहातल्या दीर्घिकांना खरोखर वारा लागतो. समूहभर कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू पसरलेला असतो आणि दीर्घिका त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने धावते. हवा पडलेली असली तरी ऐरोलीच्या खाडीपुलावर स्कूटर दामटली की ओढणी मागे उडते, तसा तिचा थंड वायू मागे ओढला जातो. 5 कोटींहून अधिक प्रकाशवर्षांवरच्या कन्या समूहात असे सोललेले वायू दिसतात. तारे घडतात ते या थंड वायूतून. तो गेला की नवे तारे बंद, आणि दीर्घिका हळूहळू लालसर पडते. शिवाय शेजारणींशी टकरा, विलीनीकरणं आहेतच.

पोकळीत हा वारा नाही, टकराही क्वचितच. तिथल्या दीर्घिका बहुधा लहान, निळसर, वायू राखून असलेल्या, अजून तारे घडवणाऱ्या. स्पेनमधल्या कालार आल्तो वेधशाळेतून चाललेल्या 'कॅव्हिटी' प्रकल्पाने 2023 मध्ये दाखवलं, की त्यांनी आपले तारे सरासरीने इतरांपेक्षा सावकाश जमवले. सावकाश, म्हणजे निवांत!

आणि 'निवांत' हा या 'निवात'चाच वंशज, असं माझं ठाम मत आहे. एका जाणकारांनी मला बजावलं, की त्यात 'अंत' आहे, निवात कुठला आणता? अहो, अंत कशाचा? निवांत बसलेल्या माणसाचं काहीच संपलेलं नसतं, उलट त्याच्यापाशी वेळ शिल्लक असतो. राहता राहिला अनुस्वार. मार्जाराचं मांजर झालं, पक्षाचा पंख झाला, तेव्हा कोणी अंत शोधायला गेलं नाही. तिथे आगंतुक अनुस्वार चालतो आणि इथेच नेमका नडतो, याचं कारण त्यांनी द्यावं.